डाखोळ्यांच्या भिंतीवरची भरती

वामनराव डाखोळ्यांच्या घरी समुद्र पाहायचा असेल तर जमिनीवर बसावं लागे.

खुर्चीत बसलेल्या पाहुण्याला त्यांच्या बैठकीच्या भिंती मोकळ्याच दिसत. फिकट पिवळं डिस्टेंपर, एक खिडकी, खिडकीत कूलर, बस. मग पाहुणा चहाचा कप खाली ठेवायला वाके आणि त्याच्या गुडघ्याशेजारी अचानक एक गलबत उभं असे. त्याच्या पलीकडे धक्का, दोरखंडांची वेटोळी, शिडं उतरवलेल्या होड्या. पुढच्या चौकटीत दुसरं बंदर. समोरच्या भिंतीवर तिसरं. सगळी एका रांगेत आणि सगळी जमिनीला धरून. पाहुणा विचारी, "अहो, इतकी सुंदर चित्रं आणि इतकी खाली का लावली?"

वामनराव याच प्रश्नासाठी लोकांना चहा पाजत असावेत.

"काहून म्हणजे? नागपूर समुद्रसपाटीच्या हजार फूट वर हाये जी! मंग समुद्र खाली नाही राहणार तं काय छताले राहणार?"

यावर पाहुणा खुर्ची सोडून जमिनीवर बसे.

रेवा, ईशान, मागच्या खेपेला माझ्या बैठकीतलं ते होड्यांचं चित्र पाहून तुम्हीही हेच विचारलंत. मी "सांगेन" म्हणाले आणि पोळ्या लाटायला उठले. ते सांगणं राहून गेलं. आता पहिल्यापासून, क्रमाने सांगते. मधूनच सुरू केलेली गोष्ट मला आवडत नाही, हे तुमच्या आईला विचारा.

वामनराव धरमपेठेतले आमचे शेजारी. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. ते मूळचे खाप्याचे, कन्हानच्या काठी पोहायला शिकलेले, पण समुद्र त्यांनी जन्मात पाहिलेला नव्हता. नोकरी पाणीखात्यात. आमच्या भागाचं पाणी सोडणं आणि बंद करणं त्यांच्या देखरेखीखाली चाले. खरं तर हाताखाली माणसं होती, पण वॉल्व्हची ती लांबलचक लोखंडी चावी ते दुसऱ्याच्या हाती देत नसत. सायकलच्या दांडीला चावी बांधून पहाटे निघाले की गल्लीतल्या बायका घागरी सरसावत. माणूस ठेंगणा, सायकल उंच, आणि चावी दोघांपेक्षा लांब. लांबून पाहिलं तर भाला घेतलेला एखादा शिपाईच चाललाय असं वाटे.

बोलण्यात त्यांचा एक शब्द ठरलेला होता: लिमिटेड. उन्हाळ्यात कोणी म्हणालं, "वामनराव, अजून थोडं पाणी सोडा ना," की "नाही जमत जी, पानी लिमिटेड हाये." गिरिजावहिनींनी म्हणजे त्यांच्या पत्नीने सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, केली, की ताटली माझ्यापुढे धरून, "घ्या वहिनी, लिमिटेड हाये." संत्र्याचा हंगाम लिमिटेड, थंडी लिमिटेड, तुमच्या आजोबांची सहनशक्तीसुद्धा लिमिटेड. हा शब्द त्यांना मिळाला चित्रांवरून. आणि चित्रं कुठून आली, ते सांगण्याआधी नलूबद्दल सांगायला हवं.

नलू त्यांची एकुलती एक मुलगी. हसरी, ठेंगणी, बापासारखीच हट्टी. तिने आपल्या मैत्रिणीच्या भावाशी लग्न ठरवलं. मुलगा तेलुगू. विशाखापट्टणच्या बंदरात, मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणाऱ्या छोट्या बोटीवर कामाला. वामनरावांना मुलाची जात चालली असती, भाषा चालली असती, असं गिरिजावहिनी म्हणत. समुद्र चालला नाही. नलू निघाली त्या दिवशी ते फाटकात उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, "माह्या घरचं कोणी समुद्रावर जाणार नाही, अन् समुद्रावरचं कोणी माह्या घरी येणार नाही!"

नलूही त्यांचीच मुलगी. म्हणाली, "नाही येत." आणि गेली.

वर्ष सव्वा वर्षाने तिला मुलगी झाली. पद्मा. त्याच सुमाराला माझ्या मांडीवर तुमची आई, मीनू आली. दोघींमध्ये फार तर दोन महिन्यांचं अंतर असेल. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

नलूची पत्रं आमच्या पत्त्यावर येत, कारण डाखोळ्यांच्या घरात समुद्रावरचं काही यायचं नव्हतं. पत्र आलं की गिरिजावहिनी पदराला हात पुसत भिंत ओलांडून येत आणि म्हणत, "वाचा वहिनी मोठ्यानं, माह्या डोळ्याले दिसत नाही." त्या सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवत, पण मी वाचत असे. आणि मी वाचायला लागले रे लागले, की वामनराव पाना घेऊन आमच्या अंगणात हजर.

"वहिनी, तुमच्या नळाचा वायसर गेला वाटते."

तो नळ व्हरांड्यापासून चार पावलांवर होता. त्या काळात सबंध नागपुरात इतका दुरुस्त झालेला दुसरा नळ नसेल. एकदा पत्रात होतं की पद्माला ताप आलाय. मी पान उलटायला थांबले. तर नळाकडून आवाज आला, "मंग? उतरला का नाही?"

गिरिजावहिनींनी मान वळवली. "काय उतरला?"

"दाब," वामनराव पान्याकडे पाहत म्हणाले. "पान्याचा दाब उतरला का नाही, पाहून राहिलो."

"उतरला हो उतरला," मी म्हटलं. "तिसऱ्या दिवशी उतरला."

"बरं झालं बापा," ते म्हणाले, आणि नळ तसाच ठिबकता ठेवून गेले.

अशा दिवसांत सीताबर्डीवर एका सभागृहात मुंबईच्या एका चित्रशाळेने प्रदर्शन भरवलं. तिथली पाण्याची टाकी वाहत होती म्हणून वामनराव गेले होते. टाकी दुरुस्त करून बाहेर येताना भिंतीवर त्यांना पाणी दिसलं. नुसत्या काळ्या-निळ्या रेघांनी काढलेलं, पण खाली वाहून येईल असं पाणी, आणि त्यावर होड्या. ते तिथे इतका वेळ उभे राहिले, की चित्रशाळेच्या माणसाला ते गिऱ्हाईक वाटले. शेवटी ते गिऱ्हाईक झालेच. कागदात गुंडाळलेली चौकट छातीशी धरून, चावी आणि सायकल तिथेच ठेवून ते रिक्षाने घरी आले. वामनराव रिक्षात बसलेले गल्लीने पहिल्यांदाच पाहिले.

"वहिनी, पाहा! पाहा तं खरं!" ते ओरडतच आमच्याकडे आले. "तांब्याच्या पत्र्यावर कोरलं, शाई भरली, अन् कागदावर दाबलं. चाळीसच छापले! अन् मंग पत्र्यावर आडव्या रेघोट्या मारून पत्राच बाद करून टाकला. एकेचाळिसावं चित्र ब्रह्मदेव आला तरी नाही भेटत. लिमिटेड हाये!"

चित्राच्या खालच्या कडेला पेन्सिलीने १२/४० असं लिहिलेलं होतं. तुमचे आजोबा कॉलेजात गणित शिकवत. त्यांनी चष्मा वर करून आकडा पाहिला. "चाळीसपैकी बारा? वामनराव, यात ग्रेस मार्क दिले तरी चित्रकार पास होत नाही हो."

वामनरावांनी ही थट्टा पुढे दहा वर्षं प्रत्येक पाहुण्याला स्वतःची म्हणून ऐकवली.

ते चित्र त्यांनी कुठे लावावं? जमिनीपासून वीतभर वर. गल्लीत हसू झालं. "समुद्रावरचं कोणी येणार नाही म्हणत होते, आता समुद्रच आणला," असंही कोणी म्हणालं, पण त्यांच्यासमोर नाही. कामवाली तर रोज कटकट करी, "झाडू लागून राहिला तुमच्या समुद्राले, मले नका बोलू मंग!" तेव्हाच त्यांनी समुद्रसपाटीचा सिद्धान्त काढला. आम्हाला तो इतका आवडला, की त्यामागे आणखी काही असेल असं कोणाच्या मनातही आलं नाही.

तो चित्रकार बंदराबंदरांतून हिंडून मालिकाच करत होता. वर्षाला एखादं नवं चित्र निघे आणि चित्रशाळेचं कार्ड येई. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे. वामनराव पायरीवर बसून मजकूर सांगत आणि मी लिहीत असे. प्रत्येक पत्रात एक मागणी ठरलेली: आकडा बाराच हवा. चित्रशाळेला हा माणूस फार मोठा संग्राहक वाटला असावा. त्यांच्या पत्राची सुरुवात नेहमी अशी असे, की जणू वामनरावांचा राजवाडा आहे. राजवाड्यात दोन खोल्या आणि मोरी होती.

पार्सल आलं की सणच. खिळे आधीच काढून ठेवलेले. काच स्वतः पुसायची, कोणाला हात लावू द्यायचा नाही. आकडा दिसेल अशी चौकट बनवून घ्यायची, म्हणून सुताराशी भांडण. चित्र जागेवर गेलं की सगळ्यांनी जमिनीवर बसून पाहायचं. तुमचे आजोबासुद्धा गुडघे धरून बसत. गोव्याकडचं बंदर आलं, कोचीनचं आलं, कांडल्याचं आलं. गिरिजावहिनी म्हणत, "घरात चार चार बंदरं, अन् मोरीत बादली रिकामी! वं माय, पानी सोडणाऱ्याच्या घरी पानी नाही!"

एका उन्हाळ्यात तर कमाल झाली. मे महिन्याचं नागपूर तुम्ही पाहिलेलं नाही, नशीबवान आहात. घरोघर कूलरला नवी वाळ्याची ताटी लागते आणि त्याच्या गार, मातकट वासात माणूस कसाबसा जगतो. वामनरावांनी कुठे तरी ऐकलं, की बंदरावरची हवा खारी असते. त्यांनी कूलरच्या पाण्यात मूठ मूठ करून मीठ घातलं आणि आम्हाला हाक मारली. "या, या! बसा चित्रासमोर. आता वारा घ्या!"

आम्ही बसलो. कूलर सुरू झाला. खरंच सांगते, क्षणभर मला ओठांवर मीठ लागल्यासारखं वाटलं, आणि वामनरावांचा चेहरा असा उजळला, की मी "वा!" म्हटलं. आठ दिवसांत कूलरचा पत्रा गंजून बोटाने भोक पडेल असा झाला, आणि मोटारीने प्राण सोडला. "बंदरावरच्या जहाजाचंबी असंच होते," ते समाधानाने म्हणाले.

दर गुढीपाडव्याला आणखी एक प्रकार होई. गुढी उभारली, की ते भिंतीवरून हाक मारत. "मीने, ये वं! समुद्र पाह्याले ये!" तुमची आई पळत जाई, कारण तिथे गाठीचा मोठा भाग मिळे. तिला ते भिंतीशी उभं करत. "सरळ उभी राह्य. मान वर नको करू. आता सांग, होडी दिसते का नाकासमोर?" ती हो किंवा नाही म्हणे. मग हातोडी. सगळी चित्रं दोन-चार बोटं वर चढत. कोणी विचारलं तर उत्तर तयार: "भरती येऊन राहिली जी. समुद्र हाये, भरती नाही येणार?"

अशी वर्षं गेली. वीतभराचे हातभर झाले, हातभराचे दोन हात. समुद्र चढत होता. फाटकातला तो शब्द मात्र जिथे होता तिथेच.

आणि मग ते कार्ड आलं. यंदाचं नवं चित्र: विशाखापट्टणचं बंदर. प्रती चाळीस.

मी कार्ड वाचून दाखवलं. वामनराव पायरीवर बसले होते. त्यांनी चप्पल घातली. "थे नको," म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाशी हजर. "वहिनी, थे विशाखापट्टण... संपले असतीन का?"

"घ्यायचंय का?"

"घ्यायचं नाही. विचारून राहिलो."

त्याच्या दुसऱ्या दिवशी, "आपल्या नंबराचं बारावं थे दुसऱ्याले देतीन का हो?" त्याच्या दुसऱ्या दिवशी, "चाळीस म्हणजे किती, मुंबईतच खपून जातीन." माझा धीर सुटत चालला होता. त्या आठवड्यात डाखोळ्यांच्या घरून सांबारवडी नाही, भांड्यांचे आवाज मात्र खूप. एकदा मी भिंतीवरून ऐकलं. वहिनी म्हणत होत्या, "सारे बंदर घेतले, अन् पोरगी राहते थे सोडून! कोणाले दाखवता हा समुद्र? मले?"

त्या संध्याकाळी वामनराव आले ते धुतलेला सदरा घालून, केसांना तेल लावून. पायरीवर बसले.

"लिहा वहिनी. दोन पायजे."

"दोन?"

"बारा नंबर मले. अन् तेरा नंबर..." ते अंगणातल्या नळाकडे पाहत राहिले. "तुमच्याजवळ पत्ता असन ना तिचा."

मी पत्ता लिहिला. तो मला पाठ होता. मग विचारलं, "सोबत काय लिहू? काही निरोप?"

"काही नको."

"वामनराव, इतक्या वर्षांनी नुसतं चित्र जाणार? एक ओळ तरी सांगा."

त्यांनी सदऱ्याचं बटण लावलं, काढलं. मग म्हणाले, "लिहा. खाली लावजो."

"म्हणजे?"

"चित्र. भिंतीवर खाली लावजो म्हणा. बस."

मला, खरं सांगते, राग आला. अशा वेळीसुद्धा समुद्रसपाटी! पण मी चिठ्ठीवर अक्षरशः तेवढंच लिहिलं आणि ती पार्सलात घालायला चित्रशाळेला कळवलं.

महिनाभर काही नाही. बारा नंबर आलं, भिंतीवर गेलं. तेरा नंबरचं काय झालं, कळेना. वामनरावांचं नळाकडे येणं इतकं वाढलं, की तुमचे आजोबा म्हणाले, त्यांना इथेच खाट टाकून द्या. शेवटी एका दुपारी पत्र आलं. मी हाक मारायच्या आधी वहिनी व्हरांड्यात होत्या आणि वामनराव नळाशी वाकलेले. पत्र अगदी छोटं होतं. मी वाचलं:

"बाबांना सांगा, चित्र खाली लावलं. मे महिन्यात पद्माला घेऊन येते."

पुढचं मला वाचता आलं नाही, कारण फट् असा आवाज झाला. वामनरावांनी पाना इतक्या जोरात फिरवला होता, की नळ मुळासकट त्यांच्या हातात आला आणि पाण्याचा फवारा थेट व्हरांड्यात. मी भिजले, पत्र भिजलं, गिरिजावहिनी भिजल्या आणि हसत सुटल्या, मग रडत सुटल्या. सबंध भागाचं पाणी बंद करणारा माणूस, पण ते एक भोक बुजवायचं त्याला सुचेना. नळ हातात धरून, डोक्यापासून पायापर्यंत निथळत तो विचारत होता, "कोणत्या गाडीनं? वहिनी, कोणत्या गाडीनं लिहिलं हाये?"

पुढचे दिवस त्या घरात काय चाललं होतं म्हणून सांगू! भिंतींना नवा हात. कूलरला नवी ताटी, या वेळी बिनमिठाची. चौकटी उन्हात, मग सावलीत, मग परत भिंतीवर. येण्याच्या आदल्या दिवशी मीनूला पुन्हा बोलावणं. "होडी दिसते का नाकासमोर?" "दिसते आजोबा." "मान वर नाही केली ना?" "नाही हो!" गिरिजावहिनी पुरणाच्या तयारीत, आणि हे त्यांना स्वयंपाकघरातून ओढून आणून विचारत, की गोव्याचं बंदर दारातून आधी दिसलं पाहिजे की कोचीनचं.

"तिले दोन्ही नको," वहिनी म्हणाल्या. "तिले जेवू घाला."

त्या दिवशी स्टेशनवर ते गेले नाहीत. "मले ड्यूटी हाये," म्हणाले. तुमचे आजोबा आणायला गेले. भर मे महिना, दुपारचं ऊन, आणि आमच्या गल्लीत कधी नव्हे ते दुपारी पाणी आलं! धो धो. लोक झोपेतून उठून घागरी, पिंप, पातेली, मिळेल ते भरत होते. कोणी कारण विचारलं नाही. रिक्षा गल्लीत वळली तेव्हा दोन्ही बाजूंना पाणी वाहत होतं आणि कोपऱ्यावर वामनराव, ती लांब चावी धरून, पहाऱ्यावरच्या शिपायासारखे उभे.

नलू उतरली. बापाकडे पाहिलं. वामनरावांनी चावी भिंतीला टेकवली. म्हणाले, "पाय धुवून घे. पानी आलं हाये."

पद्मा आईच्या मागे लपली होती. दोन वेण्या, मोठे डोळे. घरात आल्यावर तिने बैठकीत नजर टाकली आणि थेट विशाखापट्टणच्या चित्राकडे गेली. आम्ही सगळे दाराशी थांबलो. ती चित्रासमोर उभी राहिली.

आणि तिने मान वर केली.

तिच्या डोळ्यांसमोर चौकटीची खालची पट्टी येत होती. ती टाचा उंचावून, हनुवटी काचेला लावून होड्या पाहायला लागली. तुमच्या आईहून ती चांगली चार बोटं बुटकी होती. नलूवर गेली होती, आणि नलू वामनरावांवर.

वामनरावांनी कपाळावर हात मारला. "अरे बापा! पोट्टी आपल्या घरची, अन् माप घेतलं यांच्या घरच्या पोट्टीचं!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी, इंग्रजी शिकलेली, सगळं जागच्या जागी ठेवणारी बाई, इतकी वर्षं समुद्रसपाटी ऐकत बसले होते. मी नलूकडे पाहिलं. खाली म्हणजे पद्माच्या डोळ्यांसमोर, हे तिला चिठ्ठी वाचल्यावरच कळलं होतं. म्हणून तर ती आली होती.

"ओहोटी!" वामनराव ओरडले. "ओहोटी आली! हातोडी आण वं!"

गिरिजावहिनी हातोडी घेऊन धावल्या. वामनरावांनी पहिलं चित्र उतरवलं, पहिल्याच प्रदर्शनातलं, आणि मागची भिंत उघडी पडली. खिळ्यांची भोकं, एकाखाली एक, सरळ ओळीत, पार खालपर्यंत. लोक दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा करतात, तशी. वरची चित्रामागे लपलेली, खालची नव्या रंगाने अर्धवट बुजलेली. नलू खाली बसली आणि सगळ्यात खालच्या भोकावर तिने बोट ठेवलं.

"हे कधीचं?"

"थे..." वामनराव खिळा तोंडात धरून होते. तो काढून म्हणाले, "थे रांगत असन तेव्हाचं."

नवा खिळा ठोकावाच लागला नाही. दोन पाडव्यांमागचं भोक पद्माच्या मापाला अगदी बरोबर होतं. एकामागून एक सगळी बंदरं खाली आली. घरात सगळे एकदम बोलत होते, मीनू आणि पद्मा खिळे वेचत होत्या, आणि नलू बापाच्या हातात चौकटी देत होती.

मग पद्मा पुन्हा आपल्या बंदरासमोर उभी राहिली. या वेळी मान सरळ. थोडा वेळ पाहून म्हणाली, "आजोबा, हे चुकलंय. डोंगर इकडे नाही, तिकडे असतो."

दुसऱ्या कोणी १२/४० ला चुकलं म्हटलं असतं तर काय झालं असतं, सांगता येत नाही. वामनराव मात्र हरखले. "बराबर! पत्र्यावरून छापते ना, मंग उलटं येते! पाह्य, पोट्टीनं पकडलं!" दाढीचा आरसा आणला, तिला घेऊन चित्राकडे पाठ करून मांडी घालून बसले, आणि आरसा असा धरला, की त्यात बंदर सुलट दिसावं.

"आता?"

"आता बरोबर. तो बघा, तिथे बाबांची बोट लागते."

"कुठं? दाखव बरं."

तिने आरशात बोट ठेवलं. मी त्यांच्या खांद्याशी वाकून पाहत होते. त्या एवढ्याशा आरशात डोंगर होता, धक्का होता, आणि कडेला दोन डोकी, एक पांढरं, एक वेण्यांचं. वामनराव बंदराकडे पाहत नव्हते.

त्यानंतर पाडव्याला मीनूला हाक आली नाही. भरती मे महिन्यात, पद्मा आली की येऊ लागली. तुमच्या आईला गाठी गेल्याचं वाईट वाटलं, आणि वामनरावांना ते माहीत होतं. म्हणून तिच्या लग्नात त्यांनी पहिलं चित्र, बारा नंबरांतलं सगळ्यात जुनं, तिच्या हातात दिलं. "मापाची मजुरी," म्हणाले. काच फुटेल म्हणून ते इतक्या लांब, तुमच्या घरी नेता आलं नाही आणि माझ्याकडे राहिलं. वामनराव आता नाहीत. गल्लीला पाणी भरपूर येतं.

तर रेवा, ते चित्र तुझ्या उंचीला लावलंय. ईशान, तू मोठा आहेस, थोडा वाकशील. पण तुम्हाला येऊन दोन वर्षं झाली, आणि शेजारच्या मुलीला भिंतीशी उभं करून चालत नाही, हे मला कळलंय. आईला सांगा, दाराशी उभं करून नीट मोजायला. मान वर करायची नाही. आणि मला कळवा.

हातोडी काढून ठेवली आहे.